वाचणाऱ्यासाठी अडून राहिलेली रोजकीर्द

एका रविवारी जेवायला बसलो होतो आणि फोन वाजला. ऑर्डरींचा डेटाबेस ज्या सर्व्हरवर होता, त्याची डिस्क ९१ टक्के भरली होती. डिस्क ५०० जीबीची. सगळी टेबलं आणि त्यांचे इंडेक्स धरून डेटा जेमतेम ८० जीबी. मग पाणी कुठं मुरत होतं?

फोनवर आमच्या टीममधली नवी मुलगी होती. ती एकेक फोल्डर तपासत होती. "सर, पीजी-वॉल नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ३४० जीबी आहेत. सगळ्या फायली १६-१६ एमबीच्या. वीस हजारांच्या वर असतील." मी म्हटलं, "त्यातली एकही डिलीट करू नकोस. आधी स्लॉट बघ." तिनं क्वेरी चालवली. दोन ओळी आल्या. 'ॲक्टिव्ह' या रकान्यात एकीपुढं टी होता, दुसरीपुढं एफ. एफच्या ओळीतलं नाव वाचून ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पण सर, हा कनेक्टर तर मी १७ दिवसांपूर्वीच डिलीट केला होता ना?"

केला होता, अगदी सांगितल्याप्रमाणे. ज्या प्रयोगासाठी तो लावला होता तो संपला, म्हणून तिनं कनेक्टर काढून टाकला. कनेक्टर गेला, पण त्याच्यासाठी डेटाबेसनं धरून ठेवलेली जागा तशीच राहिली. रोजचे वीसेक जीबी, १७ दिवस. वाचणारा निघून गेला होता आणि डेटाबेस त्याची वाट बघत पानं साठवत होता.

चेंज डेटा कॅप्चर, म्हणजे सीडीसी, या कामात गेली काही वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. कनेक्टर लावणं हे एका दुपारचं काम आहे. पुढची सगळी मेहनत एका प्रश्नाभोवती फिरते: वाचणारा थांबला तर खोळंबा कुणी सोसायचा, डेटाबेसनं की वाचणाऱ्यानं? सेटिंगांची यादी कितीही लांब असली तरी तिच्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी या एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत, आणि आपण ते उत्तर दिलं नाही तर कुणीतरी ठरवलेलं डीफॉल्ट आपल्या वतीनं देऊन मोकळं होतं.

आधी मुळातली गोष्ट. जुन्या पेढीवर दोन वह्या असत, रोजकीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे जे घडेल ते घडेल त्या क्रमानं रोजकीर्दीत लिहायचं. मग तेच खात्यावार खतावणीत चढवायचं. कुणाची बाकी किती, हे खतावणी सांगते. ती बाकी अशी कशी झाली, हे रोजकीर्द सांगते. डेटाबेसचंही असंच आहे. आपल्याला दिसतात ती टेबलं म्हणजे खतावणी. त्यामागं एक रोजकीर्द चालू असते आणि नियम असा की नोंद आधी रोजकीर्दीत पक्की व्हायची, खतावणी मागाहून. मध्येच वीज गेली तर रोजकीर्द पुन्हा वाचून खतावणी जुळवता येते. ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडणारा 'एरीज' हा प्रसिद्ध निबंध १९९२चा. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत काम करणारे, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी सी. मोहन त्याचे पहिले लेखक. पोस्टग्रेसमध्ये ही रोजकीर्द २००१च्या ७.१ या आवृत्तीपासून आहे. तिचं नाव राइट-अहेड लॉग. सगळे 'वॉल' म्हणतात. मायएसक्यूएलमध्ये प्रतिकृतीसाठी वापरायची वही वेगळी, तिचं नाव बिनलॉग.

आता समजा, ऑर्डर बदलली की गोदामाला, शोधयंत्रणेला आणि अहवालांच्या डेटाबेसला ते लगेच कळायला हवं आहे. साधा मार्ग म्हणजे दर पाच मिनिटांनी टेबलाला विचारायचं, "काही बदललं का?" बरीच वर्षं हेच चालत असे आणि लहान कामांना आजही ते पुरतं. पण खतावणीला विचारून तीन गोष्टी कधीच कळत नाहीत. खोडलेली ओळ दिसत नाही, कारण ती आता तिथं नसतेच. पाच मिनिटांत एकच ऑर्डर तीनदा बदलली तर मधले दोन बदल हरवतात. आणि कुठल्या टेबलात आधी बदल झाला, कुठल्यात नंतर, तो क्रम कळत नाही. रोजकीर्दीत हे तिन्ही असतं. सीडीसीचा कनेक्टर म्हणजे ती रोजकीर्द ओळीनं वाचत बसलेला वाचक.

या वाचकांत आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे डेबेझियम. रँडल हॉच यांनी ते रेड हॅटमध्ये सुरू केलं, पहिली आवृत्ती २०१६मध्ये आली आणि १.० हा आकडा गाठायला २०१९चा डिसेंबर उजाडला. नावात डीबी म्हणजे डेटाबेस आणि सोडियम-पोटॅशियमसारखा मूलद्रव्यांचा 'इयम' हा प्रत्यय. डेबेझियम वाचलेली प्रत्येक नोंद बहुतेक ठिकाणी काफ्कामध्ये टाकतं, आणि काफ्काही मुळात एक रोजकीर्दच आहे: शेवटी लिहीत जायचं, मागचं खोडायचं नाही. लिंक्डइनमध्ये काफ्का ज्या तिघांनी घडवलं त्यांतल्या नेहा नारखेडे पुण्यात वाढलेल्या, इथल्या पीआयसीटीत शिकलेल्या. त्या कॉलेजवरून जाताना मला ते दर वेळी आठवतं आणि बरं वाटतं.

आता स्लॉटकडं येतो, कारण आमच्या रविवारचं मूळ तिथं होतं. पोस्टग्रेसनं २०१४च्या डिसेंबरात, ९.४ या आवृत्तीत, रोजकीर्दीचा मजकूर बाहेरच्याला समजेल अशा रूपात उलगडून देण्याची सोय केली आणि तिच्यासोबत हा स्लॉट आणला. स्लॉट म्हणजे डेटाबेसनं वाचकाला दिलेला शब्द: तू जिथवर वाचल्याचं कळवशील, त्याच्या पुढचं एकही पान मी फाडणार नाही. शब्द पक्का आहे. वाचक झोपला, मेला, त्याचं मशीनच विकून टाकलं, तरी डेटाबेस पानं फाडत नाही. त्याला फाडायला लावणारी मर्यादा डीफॉल्टमध्ये नाहीच. डिस्क पूर्ण भरली की पोस्टग्रेसला रोजकीर्दीत पुढची नोंद करता येत नाही, आणि नोंद करता येत नाही म्हटल्यावर तो सरळ बंद पडतो. अहवालासाठी लावलेल्या एका वाचकापायी दुकानच बंद.

कनेक्टर डिलीट केल्यावर स्लॉट आपोआप जात नाही, याला कारण आहे. 'स्लॉट ड्रॉप ऑन स्टॉप' नावाचं सेटिंग आहे आणि ते मुद्दाम नकारार्थी ठेवलेलं आहे. ते होकारार्थी केलं तर साध्या रीस्टार्टलाही स्लॉट जाईल, आणि नवा स्लॉट नव्या क्षणापासून सुरू होईल. मधली पानं कायमची गेली. म्हणून प्रॉडक्शनमध्ये ते तसंच ठेवावं, आणि कनेक्टर काढताना स्लॉट हातानं काढावा.

यापेक्षा फसवा प्रकार दुसरा आहे. त्यात कनेक्टर ठणठणीत चालू असतो, ॲक्टिव्हपुढं टी असतो, आणि तरीही डिस्क भरत जाते. कारण असं की पोस्टग्रेसच्या एका सर्व्हरवर डेटाबेस कितीही असले तरी रोजकीर्द सगळ्यांची मिळून एकच. स्लॉट मात्र एकाच डेटाबेसचा. समजा, शांत डेटाबेसात वर्षातून दोनदा बदलणारं दरपत्रक आहे आणि शेजारच्या डेटाबेसात दर सेकंदाला व्यवहार होतात. दरपत्रकाच्या वाचकाला पाठवण्याजोगं काहीच मिळत नाही. काही पाठवलं नाही म्हणून 'इथवर वाचलं' असं तो कळवत नाही. आणि तो कळवत नाही म्हणून शेजाऱ्याची पानं साठत राहतात. ॲमेझॉनच्या आरडीएसवर तर शेजारी नसला तरी हे होतं. तिथं सेवेचा स्वतःचा एक छोटा डेटाबेस असतो, दर पाच मिनिटांनी त्यात काहीतरी लिहिलं जातं आणि रोजकीर्दीची फाइल पालटते. तिथली एकेक फाइल ६४ एमबीची. दिवसाला २८८ फायली म्हणजे १८ जीबी, आणि तुमच्या टेबलात एकही ओळ बदललेली नाही.

यावरचा उपाय म्हणजे हार्टबीट. ज्या डेटाबेसात स्लॉट आहे त्याच डेटाबेसात एका ओळीचं टेबल करायचं आणि कनेक्टरनंच दर काही सेकंदांनी त्यातली वेळ बदलायची, असं सेटिंगात लिहून द्यायचं. बदल झाला की तो रोजकीर्दीत येतो, वाचक तो वाचतो, पोच देतो, आणि मागची पानं मोकळी होतात. इथं एक ठेच बऱ्याच जणांना लागते: कुठली टेबलं वाचायची याची जी यादी पोस्टग्रेसमध्ये असते, तिला पब्लिकेशन म्हणतात, तिच्यात हे हार्टबीटचं टेबल घालायचं राहून जातं. मग ठोके पडत राहतात आणि ते ऐकणारं कुणी नसतं. पोस्टग्रेस १४ किंवा पुढचं असेल तर टेबलाशिवायही भागतं. रोजकीर्दीत थेट एक निरोप लिहिणारं फंक्शन आहे, तेच हार्टबीटच्या क्वेरीत द्यायचं.

हार्टबीट शांत डेटाबेसाची सोय लावतं. पण मेलेल्या वाचकाचं काय? २०२०मध्ये पोस्टग्रेस १३ आलं आणि त्यात 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज' हे सेटिंग मिळालं. अमुक जीबीपर्यंत पानं राखीन, त्यापुढं शब्द मोडीन, असं डेटाबेसला सांगता येऊ लागलं. शब्द मोडला की स्लॉटपुढं 'लॉस्ट' असं लिहून येतं आणि वाचकाला सगळी टेबलं पहिल्यापासून वाचावी लागतात. हा आकडा काय ठेवावा यावर आमच्यात फार वाद झाले. माझं म्हणणं साधं आहे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस कुणी लक्ष दिलं नाही तर किती पानं साठतील ते मोजा, कारण माणसं खरोखर तेवढे दिवस नसतात. रोजचे २० जीबी असतील तर ८०, वर एखाद्या मोठ्या बॅच जॉबसाठी आणखी २०. मग डिस्कवर तेवढी मोकळी जागा आहे का ते बघा. नसेल तर डिस्क वाढवा, किंवा सुट्टीत फोन उचलणारं माणूस नेमा. पण उणे एक, म्हणजे मर्यादाच नाही, हे डीफॉल्ट प्रॉडक्शनवर ठेवू नका. ऑर्डर घेणारा डेटाबेस बंद पडण्यापेक्षा अहवालाची प्रत पुन्हा करावी लागणं कधीही परवडतं.

मायएसक्यूएलचा स्वभाव याच्या नेमका उलटा आहे. तो वाचकाला कुठलाही शब्द देत नाही. बिनलॉगची पानं ठरलेल्या मुदतीनं फाडली जातात, ८.० या आवृत्तीत ही मुदत डीफॉल्टनं ३० दिवसांची, पण डिस्क वाचवायला बरेच डीबीए ती एक-दोन दिवसांवर आणतात. वाचक शुक्रवारी संध्याकाळी अडकला आणि सोमवारी सकाळी कुणी रीस्टार्ट केला, तर त्याला हवं असलेलं पान गेलेलं असतं. १२३६ हा एरर क्रमांक तेव्हा पहिल्यांदा भेटतो आणि मग विसरत नाही. डेटाबेसला मात्र काहीच होत नाही. सगळा भुर्दंड वाचकाला. म्हणून पोस्टग्रेसवर डिस्कवर डोळा ठेवायचा आणि मायएसक्यूएलवर घड्याळावर. दोन्हींसाठी एकच डॅशबोर्ड करून समाधान मानणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत; त्यांना एका बाजूची खबर हमखास उशिरा मिळते. एसक्यूएल सर्व्हरही मुदतीचाच भिडू: बदल वेगळ्या टेबलांत उतरवून ठेवतो आणि साफसफाईचा जॉब डीफॉल्टनं तीन दिवसांपूर्वीचं काढून टाकतो.

मायएसक्यूएलचं आणखी एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. बिनलॉगच्या नोंदीत एरवी रकान्यांची नावं नसतात; पहिली किंमत, दुसरी किंमत, तिसरी, असं नुसतं क्रमानं असतं. त्या दिवशी तिसरा रकाना कुठला होता हे कळण्यासाठी टेबलाची त्या दिवशीची रचना माहीत हवी. म्हणून डेबेझियम प्रत्येक रचनाबदलाचा इतिहास काफ्कात वेगळ्या टॉपिकमध्ये जपतं. काफ्काची सर्वसाधारण साठवण सात दिवसांची असते. या टॉपिकला कधीही न संपणारी मुदत द्यावी लागते, आणि कुणी तो टॉपिक हातानं तयार करताना ते विसरलं, तर सात दिवसांनी इतिहास पुसला जाऊ लागतो. कनेक्टर तरी सुरूच राहतो, कारण रचना त्याच्या मेमरीत आहे. पुढं कधीतरी सर्व्हरवर पॅच टाकायला रीस्टार्ट केला की मग तो उभा राहत नाही. तीन महिन्यांपूर्वीची चूक आणि आजचा दोष पॅच टाकणाऱ्याच्या माथी. म्हणून नवा कनेक्टर लावला की मी दहा दिवसांनी तो स्वतःहून एकदा रीस्टार्ट करून बघतो, भर कामाच्या वेळी, सगळे जागेवर असताना.

रोजकीर्द वाचायला सुरुवात करण्याआधी खतावणीची एक पूर्ण प्रत घ्यावी लागते, कारण रोजकीर्दीची जुनी पानं केव्हाच फाडलेली असतात. याला स्नॅपशॉट म्हणतात. मोठ्या टेबलांवर हे तासन्‌तास चालतं. पोस्टग्रेसवर स्लॉट आधीच घेतलेला असतो, त्यामुळे तेवढा वेळ पानं साठतात. आणि मध्ये नेटवर्क तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. यावर नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी 'डीबीलॉग' नावानं एक युक्ती मांडली आणि २०२१मध्ये डेबेझियम १.६नं ती उचलली. मला ती अतिशय सुंदर वाटते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

टेबल एकदम न वाचता १,०२४ ओळींच्या घासानं वाचायचं. घास घेण्याआधी डेटाबेसमधल्या एका छोट्या टेबलात एक खूण लिहायची, घास घेतल्यावर दुसरी. खुणा टेबलात लिहिल्या म्हणजे त्या रोजकीर्दीतही आपोआप उमटल्या. आता वाचक रोजकीर्द वाचत पहिल्या खुणेपाशी येतो आणि घासातल्या ओळी समोर मांडून ठेवतो. पहिल्या आणि दुसऱ्या खुणेच्या मध्ये, समजा, ५१७ क्रमांकाच्या ऑर्डरमध्ये बदल झालेला सापडला. मग घासातली ५१७ची ओळ टाकून द्यायची, कारण ती बदलाआधीची की नंतरची हे सांगता येत नाही, आणि रोजकीर्दीतली तर नक्की खरी आहे. दुसरी खूण आली की उरलेल्या ओळी पुढं पाठवायच्या आणि पुढचा घास घ्यायचा. टेबलाला कुलूप लावायचं नाही, रोजकीर्द वाचणं थांबवायचं नाही, आणि मध्येच पडलं तर शेवटच्या घासापासून पुढं. एखादंच टेबल पुन्हा वाचून हवं असेल तर त्याच खुणांच्या टेबलात एक ओळ घातली की काम सुरू. कनेक्टर लावतानाच हे टेबल करून ठेवावं. रात्री गरज पडते तेव्हा ते करायची परवानगी असलेला माणूस झोपलेला असतो.

आता वाचलेली एक नोंद जवळून बघू. १,२४० रुपयांची एक ऑर्डर, स्थिती 'भरणा बाकी'वरून 'भरणा झाला'. नोंदीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोन भाग, बदलाचा प्रकार 'यू', आणि रोजकीर्दीतली जागा सांगणारा आकडा. रकमेपुढं मात्र १,२४० दिसत नाही. दिसतात चार रोमन अक्षरं: मोठा ए, छोटा ई, मोठा आर, छोटा जी. हा बिघाड नव्हे. दोन दशांश स्थळांची रक्कम डेबेझियम नेमकी ठेवतं, म्हणजे १,२४,००० हा पूर्णांक बाइटांत, आणि जेसनमध्ये बाइट लिहायचे तर त्यांचं असं अक्षरांत रूपांतर होतं. दशांशाचं सेटिंग 'स्ट्रिंग' केलं की रक्कम वाचता येते. 'डबल'ही करता येतं, पण पैशांच्या रकान्यासाठी ते करू नये. पैशात पूर्णांकाची अचूकता सोडायची नाही. तारखेचंही तसंच: १५ ऑगस्ट २०२४ ही तारीख १९९५० अशी येते, कारण १ जानेवारी १९७०पासूनचे दिवस मोजलेले असतात.

वेळेचं दुखणं खास आपल्याकडचं आहे. आपली बरीच सॉफ्टवेअरं वेळ टाइमझोनशिवाय साठवतात, भिंतीवरच्या घड्याळात दिसते तशी. डेबेझियम तिला यूटीसी समजतं. पलीकडं कुणी प्रामाणिकपणे ती भारतीय वेळेत बदलली की दुपारी अडीचची ऑर्डर रात्री आठची होते, आणि संध्याकाळी साडेसहानंतरच्या सगळ्या ऑर्डरी दुसऱ्या दिवसाच्या विक्रीत जातात. रोजची बेरीज थोडीशीच चुकते, महिन्याची जवळजवळ बरोबर येते, त्यामुळे हे कुणाच्या लवकर लक्षातही येत नाही. पहिल्याच दिवशी साडेसहानंतरची एक ऑर्डर दोन्ही टोकांना शोधून ताडून बघावी.

'आधी'चा भाग पोस्टग्रेसवर बहुधा रिकामाच येतो. रोजकीर्दीत जुनी ओळ पूर्ण लिहायची की फक्त तिची किल्ली, हे टेबलाच्या 'रेप्लिका आयडेंटिटी'वर ठरतं आणि डीफॉल्टनं फक्त किल्ली. शिवाय दोनेक केबीच्या वरचा लांब मजकूर पोस्टग्रेस वेगळा ठेवतो. तो बदललेला नसेल तर रोजकीर्दीत पुन्हा येतच नाही, आणि त्याच्या जागी डेबेझियम 'ही किंमत उपलब्ध नाही' अशा अर्थाचा ठरावीक मजकूर ठेवतं. शोधयंत्रणेत वस्तूच्या वर्णनाऐवजी तोच मजकूर ग्राहकांना दिसू लागलेला मी पाहिला आहे; बदलली होती फक्त किंमत. आयडेंटिटी 'फुल' केली की प्रश्न मिटतो, पण मग प्रत्येक बदलाला जुनी ओळ पूर्ण लिहिली जाते आणि रोजकीर्द फुगते. मी ती निवडक टेबलांवरच करतो आणि बाकीच्यांसाठी घेणाऱ्या बाजूला सांगतो की हा मजकूर दिसला तर तो रकाना हात न लावता सोडा.

घेणाऱ्याला आणखी एक सांगावं लागतं: एकच नोंद दोनदा येऊ शकते. कुठवर वाचलं याची खूण काफ्का कनेक्ट, म्हणजे हे कनेक्टर चालवणारी काफ्काची यंत्रणा, डीफॉल्टनं मिनिटातून एकदा नोंदवतं. अधल्यामधल्या वेळी यंत्र पडलं तर मागच्या खुणेपासून पुन्हा वाचन. म्हणून 'शिल्लक १० कमी करा' असं न लिहिता 'शिल्लक ४० आहे' असं लिहिणारी रचना ठेवावी. मग दोनदा आलं तरी बिघडत नाही. आणि ही खूण कनेक्टरच्या नावाला बांधलेली असते. नाव नीटनेटकं करावं म्हणून कुणी बदललं की कनेक्ट त्याला नवखा वाचक समजतं आणि सगळी टेबलं पुन्हा वाचायला घेतं. नाव पहिल्याच दिवशी विचारानं ठेवावं, आणि नंतर कितीही खटकलं तरी तसंच राहू द्यावं.

देखरेखीचं काय? काफ्का कनेक्टमध्ये कनेक्टर वेगळा आणि त्याच्या आत काम करणारा टास्क वेगळा. टास्क पडलेला असतो आणि कनेक्टरपुढं 'रनिंग' असतं. वरचं वाचून लोक निश्चिंत राहतात. पडलेला टास्क आपोआप उठत नाही. म्हणून अलर्ट टास्कच्या स्थितीवर लावा. आणि मुख्य मोजमाप डेटाबेसच्या बाजूनं करा. कनेक्टर स्वतःचा उशीर सांगतो तो शेवटच्या वाचलेल्या नोंदीचा. वाचनच थांबलं तर तो आकडा जागच्या जागी गोठतो आणि छान दिसतो. पोस्टग्रेसला मात्र विचारता येतं: रोजकीर्द आता कुठं आहे आणि या स्लॉटसाठी कुठल्या पानापासून अडवून ठेवली आहे? दोहोंतलं अंतर बाइटांत मिळतं. प्रत्येक स्लॉटचं हे अंतर दर मिनिटाला मोजलं आणि १० जीबीला इशारा लावला असता, तर त्या रविवारचा फोन १७ दिवस आधीच, कामाच्या दिवशी आला असता.

एक जागा अजूनही नाजूक आहे: सर्व्हर पालटताना. मुख्य सर्व्हर पडून राखीव सर्व्हर पुढं आला की जुन्या आवृत्त्यांत स्लॉट तिकडं जातच नसे. नवा करावा लागे, आणि नवा स्लॉट मागचं वाचून देत नाही. २०२४च्या पोस्टग्रेस १७पासून स्लॉट राखीव सर्व्हरवरही जुळवून ठेवता येतो, पण तो तसा मागून घ्यावा लागतो. त्याआधीची आवृत्ती असेल तर मोठ्या अपग्रेडच्या दिवशी क्रम पाळावाच: लिहिणं थांबवा, वाचकाला उरलेलं वाचू द्या, स्लॉट काढा, अपग्रेड करा, नवा स्लॉट करा, आणि मगच दुकान उघडा. या क्रमात शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली तर मधल्या मिनिटांतल्या ऑर्डरी प्रतीत कधीच येत नाहीत आणि कुठलाही एरर दिसत नाही.

त्या रविवारी तिनं स्लॉट काढायची कमांड माझ्या समोरच, म्हणजे फोनवर वाचत वाचत, चालवली. मग म्हणाली, "सर, अजून ९१च दाखवतंय." आवाज घाबरलेला होता. पानं मोकळी झाली तरी ती प्रत्यक्षात फाडली जातात चेकपॉइंटला, आणि तो डीफॉल्टनं पाच मिनिटांनी होतो. हातानंही करता आला असता, पण आम्ही थांबलो. तेवढ्यात तिनं दुसऱ्या स्लॉटचं अंतर मोजून घेतलं, ते काही एमबीच होतं. चेकपॉइंट झाला आणि डिस्क २४ टक्क्यांवर आली.

सोमवारी आम्ही कनेक्टर लावण्या-काढण्याच्या पायऱ्यांचा आमचा कागद पुन्हा लिहिला. आता त्यात प्रत्येक स्लॉटपुढं तो कुणासाठी आहे आणि आज कुणाच्या जबाबदारीवर आहे ते असतं. कनेक्टर बंद करण्याच्या पायऱ्यांतली शेवटची तिनं स्वतः घातली: स्लॉट काढा, पब्लिकेशन काढा, पाच मिनिटं थांबा आणि डिस्क पुन्हा बघा.